घरातील ध्वनिमुद्रण : आधी खोली, मग यंत्रे



एके काळी गाण्याची आवड असलेल्या मध्यम स्थितीच्या मराठी घरात एका कोपऱ्यात पेटी असे, भिंतीला टेकून तंबोरा असे आणि चुंबळीवर डग्गा-तबला असे. त्या घरातले गाणे बहुधा घरातच राही. चार शेजारी ऐकायला आले, तर तेवढ्यापुरते ते उंबरठा ओलांडी. आज त्याच घरातल्या टेबलावर संगणक, मायक्रोफोन आणि हेडफोन दिसू लागले आहेत. ज्या कामासाठी पूर्वी मोठ्या शहरातील स्टुडिओत तासाच्या हिशेबाने पैसे मोजावे लागत, ते काम आता घरच्या खोलीत करता येते. मात्र करता येते, म्हणजे ते आपोआप होते असे नव्हे. यंत्रे बाजारात मिळतात. त्यांपैकी आधी कोणते घ्यावे आणि घेतलेले कसे वापरावे, हे ज्ञान त्यांच्या पेटाऱ्यात घालून येत नाही. त्याविषयी काही अनुभवाच्या गोष्टी आज सांगावयाच्या आहेत.

मी ध्वनिशास्त्राचा पंडित नाही. मी शाळेत शिकवितो, आणि मुलांची समूहगीते बसविणे हा माझ्या कामाचा एक आवडता भाग आहे. या विषयाकडे मी वळलो तो एका चुकीमुळे, आणि ती चूक सर्वस्वी माझी होती.

माझ्या थोरल्या मावशीला लग्नघरातली जुनी गाणी तोंडपाठ होती. लग्नाच्या आधी नवऱ्याला किंवा नवरीला नारळाचा रस लावून न्हाऊ घालताना आमच्या बायका ज्या ओव्या म्हणत, त्या तिच्याइतक्या साऱ्या घराण्यात कुणाला येत नव्हत्या. मी मोठ्या हौसेने एक भारी किमतीचा मायक्रोफोन विकत घेतला आणि एका दुपारी तिच्या स्वयंपाकघरात तिला पाटावर बसवून दोन तास गाणी मुद्रित केली. मावशी मनापासून गायली. घरी येऊन ऐकतो, तो प्रत्येक ओळीखाली फ्रिजची घरघर, प्रत्येक शब्दामागे उघड्या भिंतींचा घुमारा, आणि तिने आवाज चढविला की तो फाटलेला! पुढच्या खेपेला नीट करू, असे मी स्वतःशी म्हटले. पुढची खेप आलीच नाही. त्याच पावसाळ्यात मावशी गेली. ते मुद्रण अजून माझ्याजवळ आहे. त्यातली गाणी कळतात. पण आवाज मावशीचा वाटत नाही.

त्या दिवशी मायक्रोफोन उत्तम होता. वाईट होती ती खोली, आणि आवाजाची पातळी मी चुकीची ठेविली होती. मला जे पुढे कळले ते थोडक्यात असे, की ध्वनिमुद्रणाच्या साखळीत खोली ही पहिली कडी आहे. ती कच्ची असली, तर पुढच्या कड्या सोन्याच्या करूनही उपयोग होत नाही.

खोलीचे हे महत्त्व प्रथम मोजून दाखविले ते वॉलेस क्लेमेंट सॅबाइन या अमेरिकन शास्त्रज्ञाने. सन १८९५ च्या सुमारास हार्वर्ड विद्यापीठातील फॉग कलासंग्रहालयाचे व्याख्यानगृह मोठ्या अडचणीचे ठरले होते. तेथे उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही. वक्त्याचे एक वाक्य संपण्यापूर्वीच मागचे आणि पुढचे शब्द एकमेकांत मिसळून जात. यावर उपाय शोधण्याचे काम सॅबाइनकडे आले. तो रात्री रहदारी थांबल्यावर कामाला लागे. जवळच्या सँडर्स थिएटरातील बैठकांच्या गाद्या आणून त्या तो व्याख्यानगृहात मांडी, ऑर्गनची एक नळी वाजवी, आणि तिचा आवाज विरेपर्यंत किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजी. गाद्या वाढत, तसतसा घुमारा कमी होई. अशा पुष्कळ रात्रींच्या कष्टांतून त्याने नियम बसविला, तो असा : घुमाऱ्याचा काळ खोलीच्या घनफळाबरोबर वाढतो आणि खोलीतील शोषक वस्तूंबरोबर घटतो. सन १९०० मध्ये उघडलेले बॉस्टनचे सिंफनी हॉल याच ज्ञानाच्या आधारे बांधले गेले. आपल्या दृष्टीने यातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट एवढीच, की हे शास्त्र गाद्यांपासून सुरू झाले. आणि गाद्या आपल्या प्रत्येकाच्या घरी आहेत.

आता आपल्या घरांकडे पाहू. चिऱ्याच्या किंवा विटांच्या भिंती, त्यांवर गुळगुळीत गिलावा, खाली शहाबादी किंवा चकचकीत फरशी, वर सिमेंटचा स्लॅब. ध्वनी एका सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. दहा फुटांच्या खोलीत तो भिंतीवर आपटून एका शतांश सेकंदाच्या आसपास परत येतो, आणि विरण्यापूर्वी अनेक वेळा ये-जा करतो. आपला कान हे सारे माफ करतो. कारण समोर माणूस दिसत असतो आणि आपले लक्ष त्याच्या बोलण्याकडे असते. मायक्रोफोन माफ करीत नाही. तो भिंतीचे बोलणेही तितक्याच प्रामाणिकपणे टिपून ठेवतो.

यासाठी यंत्रे घेण्याआधी घरातील प्रत्येक खोलीत उभे राहून एक सणसणीत टाळी वाजवावी. टाळीमागून कर्कश झणकार उमटला, तर ती खोली सोडून द्यावी. बहुतेक घरांत कपड्यांची कपाटे, पलंग आणि गाद्या असलेली निजायची खोली सर्वांत योग्य ठरते. स्वयंपाकघर सर्वांत वाईट. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही सारखी असलेली खोली टाळावी. तीत काही खालचे सूर विनाकारण फुगतात. निवडलेल्या खोलीत जमिनीवर जाड सतरंजी किंवा घोंगडी अंथरावी. पुस्तकांचे कपाट असल्यास उत्तमच. लहानमोठ्या पुस्तकांवर आपटून ध्वनी विखुरतो. गाणाऱ्याच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना दोरीवर जाड गोधड्या किंवा वाकळा टांगाव्यात. पाठीमागे का, असे कुणी विचारील. मायक्रोफोनचे तोंड गाणाऱ्याकडे असते, म्हणजेच त्याच्या पाठीमागच्या भिंतीकडेही असते. ती भिंत झाकली, की अर्धे काम झाले.

येथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. भिंतीला अंड्यांचे पुठ्ठे किंवा स्पंजाचे पातळ तुकडे चिकटविले, की बाहेरचा आवाज आत येत नाही, अशी समजूत आढळते. ती खरी नाही. मऊ वस्तू खोलीतील घुमारा कमी करतात. रस्त्यावरचा आवाज अडविण्यासाठी वजनदार भिंत आणि फटी नसलेली दारे-खिडक्या लागतात. दुसरे असे, की पातळ स्पंज केवळ वरचे, तीक्ष्ण सूर शोषतो. सेकंदाला १०० आंदोलने करणाऱ्या खर्जाच्या सुराची तरंगलांबी सुमारे ३.४ मीटर भरते; त्याला इंचभर जाडीचा अडथळा जाणवतही नाही. म्हणून पातळ पण पुष्कळ यापेक्षा जाड पण मोजके बरे. कापसाची जुनी गादी भिंतीपासून वीतभर दूर उभी करावी. ती पुष्कळ काम देते.

बाहेरच्या आवाजावर सामान्य माणसाचा खरा उपाय म्हणजे वेळेची निवड. आमच्या भागात पावसाळ्यात कौलांवर सरी कोसळू लागल्या, की मुद्रण बंद ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. पहाटे किंवा रात्री उशिरा घर शांत असते. पंखा बंद करावा. फ्रिज बंद करावा लागला, तर गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवावी; म्हणजे बाहेर पडताना तो पुन्हा सुरू करण्याची आठवण राहते. ही युक्ती हास्यास्पद वाटेल, पण नासलेल्या दुधापेक्षा ती परवडते.

खोली तयार झाली, म्हणजे मायक्रोफोनचा विचार करावा. घरगुती कामात मुख्यतः दोन जाती भेटतात. डायनॅमिक मायक्रोफोनमध्ये एका पडद्याला तारेचे बारीक वेटोळे जोडलेले असते आणि ते लोहचुंबकाच्या क्षेत्रात हलते. हा काटक असतो, धक्के सोसतो, दमट हवेला फारसा भीत नाही. शुअर कंपनीचा सन १९६६ पासून चालत आलेला एस्‌एम ५८ हा याच जातीचा. कीर्तनापासून राजकीय सभेपर्यंत तो किंवा त्याच्या नकला आपण पाहतोच. दुसरी जात कंडेन्सरची. यात विद्युत्भारित पातळ पडदा असतो आणि तो अतिशय संवेदनशील असतो. श्वासाचा हळुवारपणा आणि तंबोऱ्याची जवारी हा फार नाजूकपणे टिपतो. पण शेजारच्या घरातली शिट्टीही तितक्याच नाजूकपणे टिपतो. माझे मत असे, की खोली अद्याप नीट बसली नसेल, तर प्रथम डायनॅमिक घ्यावा. त्याच्या जवळ जाऊन गावे लागते, आणि त्यामुळे खोली कमी ऐकू येते. खोली शांत आणि मऊ झाली, की मग कंडेन्सर घ्यावा. मी नेमके याच्या उलट केले होते.

जवळ आणि दूर या दोन शब्दांत ध्वनिमुद्रणाची निम्मी कला आहे. सन १९२५ पर्यंत बहुतेक तबकड्या मायक्रोफोनशिवाय, केवळ कर्ण्यासमोर गाऊन मुद्रित होत. गवई वरच्या सुरावर मागे सरे आणि खालच्या सुरावर पुढे वाके. आज कर्णा गेला, पण तो विवेक अजून हवा. अंतर दुप्पट केले, की मुखातून थेट येणारा आवाज ६ डेसिबलनी उतरतो. खोलीचा घुमारा मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. उलट फार जवळ गेले, तर एकाच दिशेने ऐकणाऱ्या मायक्रोफोनमध्ये खर्ज फुगतो आणि साधा गळा घागरीतून आल्यासारखा वाटतो. साधारण वीतभर अंतर गायनाला योग्य; मध्ये एक जाळीचा पडदा असावा, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ या अक्षरांचा वारा थेट आपटत नाही. वयस्क माणूस गात असेल आणि त्याला यंत्राचा संकोच वाटत असेल, तर हातभर दूर ठेवावा. आणखी एक उपयुक्त गोष्ट : घरगुती वापरातील बहुतेक मायक्रोफोनांचे ऐकण्याचे क्षेत्र बदामाच्या आकाराचे असते, पुढून ते चांगले ऐकतात, पाठीमागून फार कमी. त्यांची पाठ खिडकीकडे किंवा संगणकाच्या पंख्याकडे करावी.

मायक्रोफोन आणि संगणक यांच्यामध्ये जे लहानसे यंत्र बसते, त्याला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. ते क्षीण विद्युत्प्रवाह वाढविते आणि त्याचे आकड्यांत रूपांतर करते. कंडेन्सरला लागणारा ४८ व्होल्टचा दाबही तेच पुरविते. एकटा गायक किंवा एक गायक व एक वाद्य एवढेच मुद्रित करावयाचे असेल, तर दोन मायक्रोफोन जोडता येतील एवढा इंटरफेस पुरतो. आठ जोडण्यांचे यंत्र घेऊन त्यातल्या सहा धूळ खात ठेवण्यात शहाणपण नाही. मायक्रोफोनची तार तीन खुंट्यांची असावी. तीतील दोन तारांवर एकच आवाज परस्परविरुद्ध दिशांनी धावतो. वाटेत शिरलेला विजेचा गोंगाट मात्र दोहोंवर सारखाच असतो. शेवटी एकातून दुसरे वजा केले, की गोंगाट नाहीसा होतो आणि आवाज उरतो. एवढे करूनही सलग गुणगुण ऐकू आली, तर बहुधा दोष भूमीकरणाचा असतो. आपल्या विजेची ५० आंदोलने त्या वाटेने आत येतात. अशा वेळी घरातील अर्थिंग तपासून घ्यावे, आणि तोवर लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवावा. तीन पिनांच्या प्लगमधील अर्थची पिन काढून टाकण्याचा उपाय कुणी सुचविल्यास तो ऐकू नये. त्यात जिवाला धोका आहे.

आता पातळीविषयी, म्हणजे ज्या ठिकाणी मी मावशीचा आवाज गमावला त्याविषयी. आकड्यांच्या मुद्रणात शून्य डेसिबल ही छताची रेषा असते. आवाज तेथवर पोचला, की त्याचा वरचा भाग कापला जातो, आणि कापलेला भाग खऱ्या अर्थाने परत आणता येत नाही. जुन्या टेपवर थोडे अधिक झाले तर आवाज हळूहळू बिघडे. येथे तो एकदम तुटतो. म्हणून गायकाला त्याचा सर्वांत चढा आवाज लावून दाखवावयास सांगावे आणि तो उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशा बेताने गेनचे बटण ठेवावे. मुद्रण सुरू झाले, की माणूस रंगतो आणि तालमीपेक्षा मोठ्याने गातो, हे गृहीत धरावे. आवाज लहान येईल ही भीती बाळगू नये. २४ बिटांच्या मुद्रणात शांततेला पुष्कळ जागा असते. लहान आवाज मागाहून वाढविता येतो. फाटलेला आवाज शिवता येत नाही.

नमुने घेण्याची गती सेकंदाला ४८,००० ठेवावी. मानवी कान जास्तीत जास्त २०,००० आंदोलनांपर्यंत ऐकतो, आणि त्याच्या दुपटीहून थोडे अधिक नमुने घेतले की काम भागते. याहून मोठे आकडे जाहिरातीत शोभतात. या गतीने एका मायक्रोफोनचे तासभराचे मुद्रण सुमारे ५२ कोटी बाइट, म्हणजे अर्ध्या गिगाबाइटहून किंचित अधिक जागा घेते. मूळ प्रत नेहमी वेव्ह स्वरूपात ठेवावी. एमपी३ केवळ कुणाला पाठविण्यापुरती करावी, कारण तीत आवाजाचा काही भाग गाळलेला असतो.

ऐकण्यासाठी प्रथम कान पूर्ण झाकणारा हेडफोन घ्यावा. उघड्या धर्तीच्या हेडफोनमधून ठेका किंवा तंबोरा बाहेर झिरपतो आणि मायक्रोफोनमध्ये परत शिरतो. मोठे स्पीकर पुढे सवडीने घ्यावेत. घेतले, तर दोन स्पीकर आणि आपले डोके यांचा समभुज त्रिकोण साधावा, ते कानांच्या उंचीवर असावेत, आणि भिंतीला चिकटवू नयेत.

पेटीच्या बाबतीत भात्याचा उसासा आणि पट्ट्यांची टकटक हे दोन शत्रू असतात. मायक्रोफोन हातभर वर व किंचित पुढे ठेवल्यास ते दबतात. तबल्याला दोन्हींच्या मध्यावर हातभर उंचीवरून एकच मायक्रोफोन पुरतो. दोन मायक्रोफोन एकत्र वापरले, तर त्या दोहोंमधील अंतर प्रत्येकाच्या वाद्यापासूनच्या अंतराच्या किमान तिप्पट असावे. नाही तर एकच आवाज दोन वेळा, थोड्या फरकाने पोचतो आणि काही सूर पोकळ होतात. मुलांच्या समूहगीताला प्रत्येकापुढे मायक्रोफोन ठेवण्याची हाव धरू नये. मुलांना अर्धवर्तुळात उभे करून मोठ्या गळ्याची मुले मागे घ्यावीत. हे काम कोणत्याही यंत्रापेक्षा मास्तर अधिक चांगले करतो.

मुद्रण झाले, की आरंभी किंवा शेवटी गाणाऱ्याचे नाव, गाव, तारीख आणि पट्टी, म्हणजे काळी दोन की पांढरी चार, तोंडाने सांगून ठेवावी. सन १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास फ्रेड गैसबर्ग याने गौहर जान हिची गाणी मुद्रित केली, तेव्हा ती गाण्याच्या शेवटी इंग्रजीत स्वतःचे नाव सांगे. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर येथे तयार होत. तेथील कारागिरांना गायिका ओळखता यावी, हा त्यातला हेतू. आज सव्वाशे वर्षे होत आली, तरी ते नाव त्या तबकड्यांना चिकटून आहे. आपल्या घरातल्या मुद्रणांवर मात्र ‘नवीन ध्वनी क्रमांक ७’ एवढेच लिहिलेले असते! प्रती तीन ठेवाव्यात : एक संगणकावर, एक वेगळ्या डिस्कवर, एक दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे.

शेवटी जपणुकीचा एक शब्द. गोवा, कोकण आणि बेळगावच्या पश्चिमेकडील पावसाच्या पट्ट्यात दमट हवेने कंडेन्सर मायक्रोफोन तडतडू लागतात. काम झाले, की ते घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावेत, आणि पुड्या अधूनमधून वाळवाव्यात.

ज्यांना हा खर्च आज झेपत नाही, त्यांनी खिन्न होण्याचे कारण नाही. हातातला फोनदेखील गोधड्या टांगलेल्या शांत खोलीत, हातभर अंतरावर, उशीवर ठेवून वापरला, तर मी त्या दिवशी महागड्या मायक्रोफोनने केले त्याहून चांगले मुद्रण देईल. फक्त त्यातील आवाज आपोआप कमीजास्त करण्याची सोय बंद करता येत असेल, तर ती बंद करावी.

तेव्हा पैशाचा क्रम असा : आधी गोधड्या आणि वेळ, ज्यांना पैसे पडत नाहीत, मग मायक्रोफोन, तार आणि इंटरफेस, मग हेडफोन, आणि बाकीचे सारे सवडीने. माणसांचा क्रम मात्र निराळा आहे. ज्यांच्या कंठात जुनी गाणी आहेत, अशी वडीलधारी माणसे तुमच्या घरी असतील, तर सर्व साहित्य जमण्याची वाट पाहू नका. टाळी वाजवून एक बरी खोली निवडा, पातळी उतरवून ठेवा, आणि त्यांना येत्या रविवारीच गायला बसवा.